पदव्युत्तर विद्यार्थ्याचा फावला वेळ : चित्रपट, पुस्तक आणि व्हिडिओ गेम

सारांश :
पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या फावल्या वेळेकडे महाविद्यालयीन वर्तुळात सहसा वाया जाणारा वेळ म्हणून पाहिले जाते. त्यातही पुस्तक उत्तम, चित्रपट मध्यम आणि व्हिडिओ गेम त्याज्य अशी एक श्रेणी गृहीत धरली जाते. प्रस्तुत लेखात या श्रेणीची तपासणी केली आहे. फुरसतीच्या वेळेविषयीच्या काही मान्य संकल्पनांच्या आधारे तिन्ही माध्यमांचे स्वरूप स्पष्ट केले असून, फावल्या वेळेचे मूल्य माध्यमावरून ठरत नाही, ते त्या वेळेवर विद्यार्थ्याचे नियंत्रण किती आहे आणि त्या अनुभवाविषयी बोलायला त्याला कोणी आहे की नाही यावरून ठरते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : फावला वेळ, पदव्युत्तर विद्यार्थी, रसास्वाद, वाचनसंस्कृती, व्हिडिओ गेम, नियंत्रण.

१. प्रस्तावना :
एम. ए., एम. कॉम. अथवा एम. एस्सी. करणारा विद्यार्थी साधारणतः २१ ते २४ वर्षे वयाचा असतो. या वयात त्याच्यावर एकाच वेळी अनेक अपेक्षांचे ओझे असते. सत्र परीक्षा, प्रकल्प, नेट-सेटची तयारी, स्पर्धा परीक्षा, नोकरीचा शोध आणि घरच्यांचा लग्नाविषयीचा आग्रह यांतून उरलेला वेळ तो कसा घालवतो, याची दखल अभ्यासक्रम घेत नाही. दखल घेतली जाते ती तक्रारीच्या स्वरूपात. मुले वाचत नाहीत, सतत मोबाईलवर असतात, हे वाक्य प्राध्यापक कक्षात वारंवार ऐकू येते. तक्रार निराधार नाही; परंतु ती अपुरी आहे. मोबाईलवर विद्यार्थी नेमके काय करतो, ते केल्यावर त्याला ताजेतवाने वाटते की अधिक थकल्यासारखे वाटते, आणि हा वेळ त्याने स्वतः निवडलेला असतो की तो नकळत निघून गेलेला असतो, हे प्रश्न त्या तक्रारीत विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार महाराष्ट्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या संदर्भात केला आहे.

२. फावला वेळ : संकल्पना :
मराठीत या वेळेला अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. ‘फावणे’ म्हणजे सवड मिळणे, सोयीचे पडणे. म्हणून फावला वेळ हा कामातून सवडीने मिळालेला वेळ. ‘मोकळा वेळ’ या शब्दात बंधनातून सुटका आहे. ‘विरंगुळा’ या शब्दात मनाचा शीण जाणे अभिप्रेत आहे. ‘रिकामा वेळ’ मात्र ‘रिकामटेकडा’ या शब्दाच्या शेजारचा असून त्यात दोषारोप दडलेला आहे. विद्यार्थ्याच्या वेळेविषयी बोलताना आपण यांपैकी कोणता शब्द वापरतो, त्यावरून आपली भूमिका आधीच ठरून गेलेली असते.

शाळा या अर्थाचा इंग्रजी शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या ‘स्कोले’ शब्दाचा मूळ अर्थ फुरसत असा आहे. उपजीविकेच्या धावपळीतून मुक्त असलेल्या माणसालाच विचार करता येतो, ही कल्पना त्यामागे होती. अर्थात, ही फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती. फुरसत आणि सामाजिक स्थान यांचा संबंध थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये उलगडून दाखविला. काम न करणे हेच वरच्या वर्गाचे प्रतिष्ठेचे लक्षण ठरते, हे त्याचे निरीक्षण होते. याउलट श्रमिकांना फुरसत झगडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील २४ व्या कलमाने विश्रांती व फुरसत हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानला आहे. विद्यार्थी हा या हक्कापासून वगळलेला घटक नाही.

३. वेळेचा हिशेब :
विद्यार्थ्यांना खूप वेळ असतो, हे विधान प्रथम आकड्यांत तपासणे योग्य ठरेल. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा, २०२३ नुसार वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १२०० अध्ययन तास. २० श्रेयांकांचे सत्र धरल्यास ६०० तास होतात. हे सत्र १५ आठवड्यांचे मानले तर आठवड्याला ४० तास अध्ययनासाठी लागतात. आठवड्याच्या १६८ तासांतून हे ४० तास, झोपेचे ५६ तास, जेवण, स्नान, कपडे इत्यादींचे दररोज ३ याप्रमाणे २१ तास आणि सहा दिवसांच्या ये-जा प्रवासाचे १२ तास वजा केले तर ३९ तास उरतात. म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच तास. कागदावर हा वेळ पुष्कळ वाटतो.

मात्र हा हिशेब सर्वांना सारखा लागू पडत नाही. ‘कमवा व शिका’ योजनेत अथवा बाहेर दररोज ३ तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे आठवड्याला १८ तास कमी होतात. विद्यार्थिनींचा प्रश्न आणखी गंभीर आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ त्यात जात होता. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आहेत. घरी राहून शिकणाऱ्या विद्यार्थिनीच्या वाट्याला स्त्रियांच्या या सरासरीच्या निम्मेच काम आले असे धरले, तरी आठवड्याला जवळपास १७ तास होतात. शिवाय तिचा उरलेला वेळही सलग नसतो. कुकरची शिट्टी आणि पाहुण्यांचा चहा यांच्या मधल्या वीस मिनिटांत कादंबरीचे प्रकरण पुरे होत नाही. मोबाईलवरील छोटी चित्रफीत मात्र पाहून होते. विद्यार्थिनी गंभीर वाचन का करीत नाहीत, या प्रश्नाचे एक उत्तर अभिरुचीपेक्षा वेळेच्या या तुकड्यांत शोधावे लागते.

४. करमणुकीविषयीच्या भीतीची परंपरा :
नव्या करमणुकीने तरुण पिढी बिघडते, ही चिंता नवी नाही. कादंबरीवाचनाने तरुण मने भलत्या वाटेला लागतात, असा आक्षेप एकोणिसाव्या शतकात युरोपात आणि आपल्याकडेही घेतला जात असे. आज ‘मुले कादंबऱ्या वाचत नाहीत’ ही आपली तक्रार आहे! चित्रपट आला तेव्हा तोच आक्षेप चित्रपटावर सरकला. ब्रिटिश सरकारने १९२७ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटांविषयी चौकशी समिती नेमली, तिच्यासमोरही प्रेक्षकांवरील परिणामांचा प्रश्न होता. पुढे रहस्यकथा, दूरदर्शन, केबल वाहिन्या आणि आता व्हिडिओ गेम असा या भीतीचा प्रवास झालेला दिसतो.

या परंपरेत एक उदाहरण विशेष बोलके आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये साप्ताहिक सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘करमणूक’. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही बालविधवेच्या दुःखाची कादंबरी याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मराठी समाजाला अंतर्मुख करणारी कृती करमणुकीच्या नावाखाली घरोघरी पोहोचली. गिरणी कामगारांना रविवार मिळाला तेही हेच वर्ष होते. करमणूक आणि विचार यांच्यात आज जी भिंत मानली जाते, ती आपट्यांनी मानली नव्हती.

५. विश्रांतीची चार अंगे :
फावल्या वेळेत माणूस खरोखर ताजातवाना होतो म्हणजे काय होते, याचा अभ्यास मानसशास्त्रात झाला आहे. सबीन सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये मांडलेल्या विवेचनात अशा वेळेची चार अंगे सांगितली आहेत. पहिले अंग मानसिक अलिप्ततेचे. म्हणजे कामाचा विषय मनातून काही काळ दूर होणे. दुसरे शिथिलतेचे, शरीर व मनावरील ताण उतरणे. तिसरे प्रावीण्याच्या अनुभवाचे. कामाबाहेरच्या एखाद्या गोष्टीत नवे काही जमू लागणे. चौथे नियंत्रणाचे, हा वेळ कसा घालवायचा हे स्वतः ठरविणे. हे विवेचन नोकरदारांच्या संदर्भात झाले असले तरी विद्यार्थ्यालाही ते लागू करता येते.

याला पूरक अशी दुसरी मांडणी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांची आहे. त्यांनी १९८२ मध्ये ‘गंभीर फुरसत’ ही संकल्पना पुढे आणली. दमल्यावर दूरचित्रवाणीसमोर बसणे ही सहज फुरसत. तर एखाद्या छंदात वर्षानुवर्षे परिश्रम करणे, त्यातील अडचणींवर मात करणे व त्यातून स्वतःची ओळख घडणे ही गंभीर फुरसत. सहज फुरसत कनिष्ठ असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येकाला दोन्हींची गरज असते. मात्र संपूर्ण फावला वेळ सहज फुरसतीतच सरला तर प्रावीण्याचे अंग उपाशी राहते. पुढील तीन माध्यमांचा विचार याच चौकटीत केला आहे.

६. चित्रपट :
चित्रपटाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याला सुरुवात व शेवट असतो. दोन-अडीच तासांनंतर पडदा रिकामा होतो आणि प्रेक्षक आपल्या जगात परततो. चित्रपटगृहात हा काळ अखंड असतो. आज विद्यार्थी बहुतांशी मोबाईलवर पाहतो. तेथे चित्रपट तुकड्यातुकड्याने पाहिला जातो, आणि मालिका असेल तर एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो. पाहण्याची निवड पहिल्या भागापुरती विद्यार्थ्याची असते. नंतर ती यंत्रणेच्या हाती जाते. रात्री दोन वाजता मालिकेचा सातवा भाग पाहणाऱ्या विद्यार्थ्याला अलिप्तता मिळालेली असते, नियंत्रण मात्र हातचे गेलेले असते. दुसऱ्या दिवशीचा त्याचा थकवा यातूनच येतो.

चित्रपट पाहण्याचे दुसरे वळण फिल्म सोसायटी चळवळीने घालून दिले. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ मध्ये, सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ १९५९ मध्ये आणि मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ मध्ये स्थापन झाले. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. चित्रपट पाहावा आणि मग त्याविषयी बोलावे, हा या चळवळीचा साधा नियम होता. अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकाच्या १९८७ च्या चित्रपटात एक शाळकरी मुलगा मित्राची चुकून आलेली वही परत करण्यासाठी शेजारच्या गावी त्याचे घर शोधत फिरतो. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याला हे जग परके वाटत नाही. परंतु तो चित्रपट त्याच्यापर्यंत पोहोचविणारे कोणीतरी असावे लागते.

फावल्या वेळेच्या दृष्टीने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट मुद्दाम पाहण्याजोगा आहे. एका लोकशाहिरावरील खटला हा त्याचा विषय. तथापि दिग्दर्शक कॅमेरा न्यायालयाबाहेरही नेतो. बचाव पक्षाचा वकील कोठे खरेदी करतो, सरकारी वकील बाई कुटुंबासह कोणते नाटक पाहतात, न्यायाधीश सुटीत कोठे जातात, हे तो शांतपणे दाखवितो. माणसाचा वर्ग, भाषा आणि पूर्वग्रह त्याच्या फुरसतीतून कसे प्रकट होतात, याचे हे प्रत्यक्ष दर्शन आहे. समाजशास्त्राच्या वा विधी शाखेच्या विद्यार्थ्याने तो करमणूक म्हणून पाहिला तरी त्याच्या विषयाची समज वाढल्याशिवाय राहत नाही.

७. पुस्तक :
पुस्तकाविषयी आपली समजूत अशी की, वाचन हे मुळातच श्रेष्ठ आहे. वस्तुतः पदव्युत्तर विद्यार्थी दिवसभर वाचतच असतो; नोट्स, संदर्भग्रंथ, गाईड, प्रश्नसंच. संध्याकाळी पुन्हा पुस्तक हातात घेणे म्हणजे त्याच्या दृष्टीने कामाचाच विस्तार असतो. अलिप्ततेचे अंग येथे कमी पडते. साहित्याच्या विद्यार्थ्याची अडचण तर अधिक आहे. कादंबरी वाचताना तो नकळत ‘आशय’, ‘अभिव्यक्ती’, ‘पात्रचित्रण’ अशी परीक्षेची शीर्षके मांडू लागतो. ज्या गोष्टीवर प्रेम म्हणून त्याने विषय निवडला, तीच गोष्ट अभ्यासक्रमामुळे त्याच्यापासून दुरावते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला विद्यार्थी. त्याच्या शिक्षणाच्या वर्षांतील किती थोडा भाग वर्गात घडतो आणि किती मोठा भाग वसतिगृह, मेस, भटकंती व मित्रांच्या गप्पांत घडतो, हे त्या कादंबरीच्या वाचकाला सांगावे लागत नाही. विद्यार्थी घडतो वा बिघडतो तो बराचसा याच वेळात.

वाचनाच्या सवयीचे मूळ नेहमी अभिजात साहित्यात असते असेही नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, नारायण धारपांच्या भयकथा आणि दिवाळी अंक यांनी अनेक मराठी वाचकांना पाने उलटण्याची सवय लावली. त्या सवयीच्या बळावरच त्यांतील काही वाचक पुढे गंभीर साहित्याकडे वळले. म्हणून विद्यार्थी काय वाचतो यापूर्वी तो स्वेच्छेने काही वाचतो का, हे पाहणे अगत्याचे ठरते.

येथे ग्रंथालयांच्या बदललेल्या स्वरूपाचाही विचार केला पाहिजे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावच्या वाचनालयांना आधार दिला. आज त्यांपैकी अनेकांत अभ्यासिका सुरू असून तेथे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन बसतात. अभ्यासिका ही गरज आहे, यात शंका नाही. परंतु कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांपासून दहा पावलांवर वर्षभर बसणारा विद्यार्थी त्या कपाटाकडे एकदाही जात नसेल, तर ‘पुस्तके उपयोगासाठी आहेत’ हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेले ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र अपुरेच राहते.

८. व्हिडिओ गेम :
तिन्ही माध्यमांपैकी अध्यापकांना सर्वांत कमी परिचित असलेले माध्यम हे आहे. म्हणून त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार सांगितले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवंड. आपल्या परिचयाच्या खेळांत कबड्डी हा स्पर्धेचा, फासे हा दैवाचा, भातुकली हा सोंगाचा आणि फुगडी हा भोवंडीचा खेळ. व्हिडिओ गेममध्ये हे चारही प्रकार निरनिराळ्या प्रमाणात मिसळलेले असतात. त्यामुळे ‘मुले गेम खेळतात’ हे वाक्य ‘मुले कागद वाचतात’ इतकेच मोघम आहे.

उदाहरणार्थ, ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) मध्ये खेळणाऱ्याला अन्न, लाकूड, दगड व सोने यांचे नियोजन करीत राज्य उभारावे लागते. ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) मध्ये खेळाडू एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरील तपासनीस असतो. कागद अपुरे असलेल्या माणसाला दया दाखविली तर दंड होतो आणि स्वतःच्या कुटुंबाचे हाल होतात. राज्यशास्त्रातील नोकरशाहीचे प्रकरण वाचून न येणारी अस्वस्थता हा खेळ देऊ शकतो, कारण येथे निर्णय खेळणाऱ्याचा असतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला ‘राजी’ हा खेळ भारतीय पुराणकथांच्या आधारे भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा सांगतो. अशा खेळांत हरणे, पुन्हा प्रयत्न करणे आणि जमणे हा क्रम असतो. प्रावीण्याचे अंग येथे चित्रपटापेक्षा अधिक प्रबळ आहे.

वसतिगृहात प्रत्यक्षात अधिक खेळला जातो तो मोबाईलवरील लढाईचा सांघिक खेळ. २०१८ मध्ये आलेल्या ‘पबजी मोबाईल’वर भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली व २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती निघाली. चौघांचा गट करून खेळता येणाऱ्या या खेळात मैत्रीची ओढ मोठी असते. गाव सोडून आलेल्या विद्यार्थ्याला जुन्या मित्रांशी जोडून ठेवणारा हा कट्टाच असतो. त्याच वेळी अशा खेळांची रचना खेळाडूने रोज परतावे अशी केलेली असते. रोजच्या हजेरीचे बक्षीस, मर्यादित काळाच्या स्पर्धा आणि पैसे देऊन मिळणारी साधने यांमुळे खेळणे हे कर्तव्यासारखे होऊ लागते. नियंत्रणाचे अंग येथे पुन्हा धोक्यात येते.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ११ व्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘गेमिंग विकृती’चा समावेश केला असून ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. त्यातील निकष लक्षणीय आहेत. खेळण्यावरील नियंत्रण सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान होऊनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे, अशी ती लक्षणे असून ती साधारणतः १२ महिने दिसावी लागतात. यात तासांची संख्या सांगितलेली नाही. सुटीत दिवसभर खेळणारा प्रत्येक विद्यार्थी रुग्ण ठरत नाही. आणि कमी वेळ खेळूनही परीक्षा, झोप व मैत्री गमावणाऱ्याला मदतीची गरज असू शकते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांचा प्रश्न याहून निराळा आहे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे पैशांचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांत भेद करून पैशांच्या खेळांवर बंदी घातली. समुपदेशन करणाऱ्या अध्यापकाला हा भेद ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण कर्जात सापडलेला विद्यार्थी ‘गेम खेळतो’ एवढेच सांगत असतो.

९. महाविद्यालयाची भूमिका :
वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक माध्यमात काही अंगे प्रबळ तर काही दुबळी आहेत. चित्रपट अलिप्तता देतो, पुस्तक वाचकाच्या गतीने चालते म्हणून नियंत्रण देते, खेळ प्रावीण्य देतो. या चार अंगांत न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सोबत. पाहिलेल्या, वाचलेल्या, खेळलेल्या गोष्टीविषयी बोलायला कोणी असेल तर अनुभवाला शब्द मिळतात. ही सोबत महाविद्यालय देऊ शकते. त्यासाठी पुढील उपाय सुचविता येतील :

१) महिन्यातून एक चित्रपट दाखवून त्यावर अर्धा तास चर्चा ठेवावी. ही वेळ दुपारची असावी. संध्याकाळचा कार्यक्रम घरी परतणाऱ्या विद्यार्थिनींना आपोआप वगळतो.
२) ग्रंथालयात अभ्यासक्रमाबाहेरच्या पुस्तकांचे एक मोकळे कपाट अभ्यासिकेतच ठेवावे आणि त्यासाठी क्रमिक पुस्तकांव्यतिरिक्त एक जादा कार्ड द्यावे.
३) खेळांविषयी विद्यार्थ्यांना वर्गात बोलते करावे. एखाद्या खेळातील इतिहास, अर्थव्यवस्था वा नीतीचा प्रश्न यांवर त्याने सादरीकरण केल्यास अध्यापकालाही नवे काही कळेल.
४) यांपैकी कशालाही गुण अथवा श्रेयांक जोडू नयेत. गुण आले की फुरसतीचे पुन्हा काम होते आणि नियंत्रण विद्यार्थ्याच्या हातून जाते.
५) मार्गदर्शक अध्यापकाने ‘किती तास?’ या प्रश्नाबरोबर ‘थांबावेसे वाटल्यावर थांबता येते का?’ हा प्रश्न विचारावा.

१०. समारोप :
पदव्युत्तर विद्यार्थ्याचा फावला वेळ हा अभ्यासाचा शत्रू नसून त्याच्या घडणीचा एक भाग आहे. तो सर्वांना सारखा मिळत नाही. कष्ट करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आणि घर सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थिनीला तो फार थोडा मिळतो. जो मिळतो त्याविषयीही अपराधी वाटावे, असे वातावरण आपण निर्माण केले तर विद्यार्थी तो वेळ सोडत नाही, केवळ लपवितो. लपविलेल्या वेळेत अध्यापकाला मार्गदर्शन करता येत नाही. माध्यमांची उच्चनीच श्रेणी बाजूला ठेवून निवड, मर्यादा व संवाद या तीन कसोट्यांवर विद्यार्थ्याशी बोलता आले, तर चित्रपट, पुस्तक आणि खेळ ही तिन्ही माध्यमे त्याच्या शिक्षणाला पूरक ठरू शकतील. त्यासाठी पहिली गरज आहे ती अध्यापकाने विद्यार्थ्याला सध्या काय पाहतोस, काय वाचतोस, काय खेळतोस, हे दटावणीच्या सुरात न विचारता कुतूहलाने विचारण्याची.